दोन पत्रे आणि एक करार

स्टीफन एलॉप यांची दोन पत्रे आज कुणालाही सहज वाचायला मिळतात. पहिले फेब्रुवारी २०११ मधले, नोकियाचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून कर्मचाऱ्यांना लिहिलेले. दुसरे जुलै २०१४ मधले, मायक्रोसॉफ्टचे कार्यकारी उपाध्यक्ष म्हणून, बव्हंशी त्याच कर्मचाऱ्यांना लिहिलेले. दोन्हींची सुरुवात ‘हॅलो देअर’ अशा सैलसर अभिवादनाने होते आणि दोन्हींच्या शेवटी आडनाव गाळून ‘स्टीफन’ एवढीच सही आहे. कंपनीप्रमुखाची कारकीर्द ताळेबंदांतून वाचावी असे म्हणतात. मला मात्र ही दोन पत्रे लागोपाठ वाचल्यावर या माणसाविषयी जे उमगले, ते नोकियाच्या कुठल्याही तिमाही निकालाने सांगितले नव्हते.

एलॉप यांचे नाव निघाले की एक ठरलेली कथा सांगितली जाते. मायक्रोसॉफ्टचा माणूस नोकियात आला, त्याने नोकियाला मायक्रोसॉफ्टच्या दावणीला बांधले, तिची किंमत मातीमोल होऊ दिली आणि अखेर ती मायक्रोसॉफ्टलाच विकून तो आपल्या जुन्या घरी परतला. ही शंका पुढे झालेल्या विक्रीनंतर सुचलेली नाही. फेब्रुवारी २०११ मध्येच बार्सिलोनाच्या मोबाइल परिषदेत श्रोत्यांतून कुणीतरी त्यांना विचारले होते की, आपण ट्रोजन घोडा, म्हणजे आत शिरून परक्यासाठी काम करणारा हस्तक, आहात काय, आणि त्यावर त्यांनी उत्तर उघडच ‘नाही’ असे आहे, असे सांगून वेळ मारून नेली होती. मला ही कटाची कथा पटत नाही. त्यात घटनांचा क्रम बरोबर आहे, पण तिच्यामुळे नोकियाच्या संचालक मंडळाची फारच स्वस्तात सुटका होते. परक्याने फसवले म्हटले की, त्याला बोलावले कुणी, त्याच्याशी करार कोणत्या अटींवर केला आणि त्याच्या प्रत्येक निर्णयाला संमती कुणी दिली, हे प्रश्न विचारायचेच राहून जातात.

वास्तविक हा माणूस कोण आहे, हे त्याच्या तोवरच्या प्रवासात कुणालाही दिसण्यासारखे होते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात जन्म, मॅकमास्टर विद्यापीठातून संगणक अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचे शिक्षण, मग लोटस या सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी. त्यानंतर बॉस्टन चिकन या उपाहारगृहांच्या साखळीत ते माहिती-तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख होते आणि ती कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. (या दिवाळखोरीचे खापर पुढे टीकाकारांनी त्यांच्यावर फोडले, ते अन्यायाचे आहे, संगणक सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यामुळे कोंबडी विकणारी कंपनी बुडत नाही.) त्याच वर्षी ते मॅक्रोमीडिया या सॉफ्टवेअर कंपनीत गेले, जानेवारी २००५ मध्ये तिचे प्रमुख झाले आणि एप्रिलमध्ये ती ३.४ अब्ज डॉलरना अडोबीला विकली जाणार असल्याची घोषणा झाली. अडोबीत ते वर्षभर राहिले. ज्युनिपर नेटवर्क्समध्येही वर्षभरच. जानेवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांच्याकडे ‘ऑफिस’ या सॉफ्टवेअर-संचाचा व्यवसाय सोपवला आणि तिथे त्यांनी अडीच वर्षे उत्तम काम केले, असेच सगळे सांगतात. व्यवहार जुळवणारा, विक्रीची बाजू जाणणारा, मोठ्या ग्राहकांशी बोलू शकणारा, पण एखादे उत्पादन दहा वर्षे मुरवत बसण्याची सवय नसलेला असा हा व्यवस्थापक होता. यात वाईट काहीच नाही. मात्र अशा माणसाला एखाद्या कंपनीच्या शीर्षस्थानी बसवले की तो तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहील, याचा अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही.

१० सप्टेंबर २०१० रोजी नोकियाने त्यांची निवड जाहीर केली तेव्हा ते त्या कंपनीचे पहिले बिगर-फिनिश प्रमुख ठरले. कंपनी १८६५ मध्ये कागदाच्या लगद्याच्या गिरणीतून उभी राहिलेली. २००० च्या सुमारास फिनलंडच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नात तिचा एकटीचा वाटा सुमारे ४ टक्के होता. आयफोन येऊन तीन वर्षे उलटली होती, अँड्रॉइड वेगाने पसरत होते आणि नोकियाची सिम्बियन ही प्रणाली, जी साध्या फोनच्या काळात रचली गेली होती, बोटाच्या स्पर्शावर चालणाऱ्या पडद्याला जुळवून घेताना धापा टाकत होती. अध्यक्ष योर्मा ओलिला यांनी नोकियाला जगाच्या शिखरावर नेले होते, पण आता त्यांना बाहेरचा माणूस हवा होता. ज्यांचे नाव या पदासाठी घेतले जात होते त्या आन्सी वान्योकी यांनी लगेचच राजीनामा दिला. जाण्याआधी अँड्रॉइड स्वीकारण्याच्या कल्पनेची त्यांनी केलेली संभावना फिनलंडबाहेरही गाजली: कडाक्याच्या थंडीत ऊब मिळावी म्हणून पोरांनी चड्डीतच लघवी करावी, तसे ते होईल. एलॉप यांच्याआधीच अँड्रॉइडचा रस्ता नोकियाच्या घरात किती नकोसा होता, हे यावरून कळते.

आता पहिले पत्र. ते एका गोष्टीने सुरू होते. उत्तर समुद्रातल्या एका तेल प्लॅटफॉर्मवर काम करणारा माणूस रात्री स्फोटाच्या आवाजाने जागा होतो, सगळा प्लॅटफॉर्म पेटलेला असतो, धूर आणि आगीतून वाट काढत तो कडेपर्यंत पोहोचतो आणि खाली पाहतो तर काळेभोर, गारठलेले पाणी. एरवी त्या पाण्यात उडी मारण्याचा विचारही त्याने केला नसता. पण उभे राहावे तर जळून मरायचे, म्हणून तो ३० मीटर खाली उडी टाकतो आणि वाचतो. पत्रातला प्लॅटफॉर्म उत्तर समुद्रात आहे, पण माणसाला खाली दिसते ते पाणी अटलांटिकचे आहे. इतक्या महत्त्वाच्या पत्रावरून प्रसिद्धी विभागातल्या कुणीही नजर फिरवली नसावी, हे त्यावरून उघड होते. त्यानंतर एलॉप सांगतात की आपणही पेटत्या प्लॅटफॉर्मवर उभे आहोत. आयफोन २००७ मध्ये आला आणि आजही आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारा फोन नाही. मीगो ही नवी प्रणाली आपण उभी करतो आहोत, पण या गतीने २०११ च्या अखेरीस तिच्यावर चालणारा जेमतेम एक फोन बाजारात असेल. चिनी उत्पादक इतक्या झपाट्याने फोन काढत आहेत की, एका कर्मचाऱ्याने अर्धवट थट्टेने म्हटले तसे, आपल्याला सादरीकरणाच्या स्लाइड घासूनपुसून लखलखीत करायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात त्यांचा फोन तयार होतो. आणि एवढे करून, आपल्या पेटत्या प्लॅटफॉर्मवर पेट्रोल आपणच ओतले.

पत्र म्हणून हे विलक्षण आहे. बड्या कंपन्यांचे प्रमुख ज्या गुळमुळीत भाषेत बोलतात तिचा येथे मागमूस नाही, आणि मजकूर तर बहुतांशी खरा आहे. नोकियातल्या अनेक अभियंत्यांना आपल्या मनातले कुणीतरी बोलले असे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. खोट वेगळ्याच ठिकाणी होती. हे पत्र लिहिले गेले तेव्हा जगभरच्या दुकानांत जे नोकियाचे स्मार्टफोन मांडलेले होते, ते जवळजवळ सगळे सिम्बियनवर चालणारे होते. २०१० च्या शेवटच्या तिमाहीत कंपनीने २ कोटी ८३ लाख स्मार्टफोन विकले होते. ते फोन म्हणजे जळते लाकूड आहे, असे खुद्द प्रमुखाने लिहिले, पत्र बाहेर फुटले, आणि पाठोपाठ ११ फेब्रुवारीला लंडनमध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांच्या शेजारी उभे राहून एलॉप यांनी जाहीर केले की यापुढे आमचे स्मार्टफोन विंडोज फोनवर चालतील. त्या दिवशी नोकियाचा शेअर १४ टक्के कोसळला. विंडोजवर चालणारा नोकियाचा पहिला फोन, ल्युमिया ८००, युरोपच्या दुकानांत पोहोचायला मात्र नोव्हेंबर उजाडला. मधल्या नऊ महिन्यांत दुकानदाराने ग्राहकाला काय सांगून सिम्बियन फोन विकायचा होता? २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत विक्री १ कोटी ६७ लाखांवर आली आणि कंपनी तोट्यात गेली. आणखी वर्षभराने ती १ कोटी २ लाख होती, त्यांतले ४० लाख ल्युमिया.

उद्योगजगताला या दोन्ही चुका आधीपासून ठाऊक होत्या. ऑस्बोर्न ही संगणक कंपनी १९८३ मध्ये बुडाली, ती पुढचे मॉडेल तयार होण्याआधीच त्याचा गाजावाजा केल्यामुळे, असे सांगितले जाते. ब्रिटनमधले दागिन्यांचे व्यापारी जेरल्ड रॅटनर यांनी १९९१ मध्ये भर सभेत आपल्याच मालाला भिकार म्हटले आणि धंदा गमावला. नोकियाचे माजी अधिकारी आणि पुढे एलॉप यांचे सर्वांत कडवट टीकाकार झालेले टोमी आहोनेन यांनी या दोन चुका एकाच माणसाने एकाच आठवड्यात केल्या म्हणून त्यांना ‘एलॉप इफेक्ट’ असे नाव दिले. आहोनेन यांचा आवेश कधीकधी कानठळ्या बसवणारा असतो, पण या निदानात मला फारसे चुकीचे काही दिसत नाही.

पेटत्या प्लॅटफॉर्मच्या त्या गोष्टीविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. व्यवस्थापनशास्त्रात ही उपमा रुळली ती पायपर अल्फा या उत्तर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मच्या आगीवरून. ६ जुलै १९८८ च्या त्या रात्री १६७ माणसे मेली. त्यांतली बरीचशी निवासी भागात, पुढची सूचना मिळेल, हेलिकॉप्टर येईल, अशी वाट पाहत धुराने गुदमरून गेली. समुद्रात उड्या टाकणाऱ्यांपैकी कित्येक वाचले. म्हणजे एलॉप यांची उपमा वस्तुस्थितीला धरून होती. सूचनेची वाट पाहणारा मरतो, हे खरेच. परंतु तिथे उडी घेणाऱ्याने ती स्वतःच्या निर्णयाने, स्वतःच्या देहानिशी घेतली होती. नोकियात उडीचा निर्णय एकाने घेतला आणि पाण्यात गेले ते दुसरेच.

ते कोण होते, याची नोंद आहे. एप्रिल २०११ मध्ये ४,००० पदे कमी करण्याचे आणि सिम्बियनवर काम करणाऱ्यांसह ३,००० जणांना ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीकडे सोपवण्याचे ठरले. सप्टेंबरमध्ये आणखी ३,५००, त्यात रोमानियातल्या क्लुज येथील नवाकोरा कारखाना. जून २०१२ मध्ये १०,००० पदांवर कुऱ्हाड आली आणि फिनलंडमधला सालोचा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. सालो हे असे गाव की जिथे नोकियाखेरीज दुसरा मोठा रोजगार नव्हता. त्या वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने एस्पोचे आपले समुद्रकाठचे मुख्यालय १७ कोटी युरोंना विकले आणि त्याच इमारतीत ती भाड्याने राहू लागली.

एलॉप यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, आणि ते नाइलाजाने बोलायचे नाही. सिम्बियन वाचणार नव्हती. अँड्रॉइडच्या दुनियेत एकच उत्पादक सगळा नफा गिळेल आणि बाकीचे हात चोळत बसतील, ही त्यांची भीती सॅमसंगने पुढच्या दोनच वर्षांत खरी करून दाखवली. एचटीसी, मोटोरोला, सोनी, एलजी यांपैकी कुणाचेही त्या वाटेवर भले झाले नाही; एलजीने तर २०२१ मध्ये फोनचा धंदाच गुंडाळला. मायक्रोसॉफ्टकडून नोकियाला दर तिमाहीला २५ कोटी डॉलर मिळत होते, आणि २०१३ च्या तिसऱ्या तिमाहीत ८८ लाख ल्युमिया विकले गेले, हा आकडा तुच्छतेने उडवून लावण्याजोगा नाही. विंडोजची निवड हा जुगार होता, पण तो खुळेपणा होता असे मी म्हणणार नाही.

एन९ च्या बाबतीत मात्र त्यांची बाजू मला घेता येत नाही. मीगोवर चालणारा हा फोन जून २०११ मध्ये सिंगापूरला दाखवला गेला. त्याच्या दर्शनी भागावर एकही बटण नव्हते. पडद्याच्या कडेवरून आत बोट सरकवले की चालू असलेले ॲप बाजूला होई आणि सगळी उघडी ॲप्स समोर येत. अंग एकसंध पॉलिकार्बोनेटचे, रंग त्या प्लास्टिकच्या आरपार असल्याने ओरखडा पडला तरी खालून पांढरे काही डोकावायचे नाही, आणि काच कडांकडे किंचित उतरती. आज ज्या बोटाच्या हालचालींना आपण सरावलो आहोत, त्यांचे पूर्वरूप तिथे आहे. समीक्षकांनी त्याचे तोंडभरून कौतुक केले. आणि एलॉप यांनी फिनलंडच्या हेल्सिंगिन सानोमात या दैनिकाला सांगितले की हा फोन कितीही खपला तरी मीगोकडे परतायचे नाही. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी या मोठ्या बाजारांत तो अधिकृतपणे विकलाच गेला नाही, आणि काही महिन्यांनी त्याचेच अंग घेऊन, आत विंडोज घालून, ल्युमिया ८०० आला. मीगो यशस्वी झाली असती, असा माझा दावा नाही; ॲप्स नसलेल्या प्रणालीचे काय होते ते आपण पाहिले आहे. पण आपला सर्वोत्तम फोन बाजारात जाण्याआधीच त्याच्या अपयशाची हमी प्रमुखाने द्यावी, हे निव्वळ धोरणापलीकडचे काहीतरी आहे. निर्णय चुकला असे दाखवणारा पुरावा जन्मालाच येऊ नये, अशी ती धडपड वाटते. व्यवहार जुळवणाऱ्या माणसाला जुळलेला व्यवहार मोडण्याची शक्यताही सहन होत नाही.

३ सप्टेंबर २०१३ रोजी नोकियाचा फोन व्यवसाय ५.४४ अब्ज युरोंना मायक्रोसॉफ्टला विकण्याचे जाहीर झाले. वाटाघाटी एलॉप यांनी नव्हे, ओलिलांनंतर अध्यक्ष झालेल्या रिस्तो सीलास्मा यांनी केल्या, हे कट शोधणारे सहसा सांगत नाहीत. मग करार उजेडात आला. पद सोडताना एलॉप यांना १ कोटी ८८ लाख युरो मिळणार होते, त्यातले ७० टक्के मायक्रोसॉफ्ट भरणार होती, आणि विक्रीच्या बातमीने नोकियाचा शेअर वधारल्यामुळे प्रत्यक्षात ही रक्कम २ कोटी ४० लाखांच्या वर गेली. ज्या शेअरने त्यांच्याच कारकिर्दीत २०१२ च्या उन्हाळ्यात दोन युरोंच्याही खाली लोळण घेतली होती, तोच शेअर फोन व्यवसाय विकला गेल्याच्या आनंदात उसळला, आणि त्या उसळीचा लाभ एलॉप यांच्याच पदरात पडला. फिनलंडमध्ये संतापाची लाट उसळली. सीलास्मा आधी म्हणाले की या अटी आधीच्या प्रमुखांसारख्याच आहेत. पत्रकारांनी कागद तपासल्यावर तसे नाही, हे त्यांना मान्य करावे लागले. एलॉप यांच्या हाती पडलेला हा करार मला दोन्ही पत्रांहून अधिक बोलका वाटतो, कारण तो त्यांनी लिहिलेला नाही. कंपनीची मालकी बदलली तर प्रमुखाला काय मिळेल, हे ठरवणारी लेखणी फिनिश संचालकांच्या हातात होती.

दुसरे पत्र १७ जुलै २०१४ चे. आता गोष्ट नाही, समुद्र नाही, आग नाही. उत्पादकता, लोकांना अधिक काही करता यावे ही मायक्रोसॉफ्टची इच्छा, विंडोजचे अनुभव, वेगवेगळ्या किमतीच्या फोनचे धोरण, हे सारे ‘योग्य आर्थिक चौकटीत’ कसे बसवायचे, असे परिच्छेदामागून परिच्छेद येत राहतात. मायक्रोसॉफ्टमध्ये फोनचे स्थान नोकियातल्यापेक्षा वेगळे आहे, असे एक वाक्य मध्येच येते आणि जाणता वाचक तिथे थबकतो. मग, बरेच खाली, एका वाक्यात आकडा आहे: येत्या वर्षात १२,५०० पदे कमी होतील. तो नोकियाकडून आलेल्या मनुष्यबळाचा सुमारे निम्मा हिस्सा होता. फिनलंडच्या ऊलूमधले अभियांत्रिकीचे काम बंद, हंगेरीच्या कोमारोममधले उत्पादन बंद. अमेरिकी पत्रकारांनी या पत्राची यथेच्छ टिंगल केली, आणि ती भाषेची होती. मला त्यात थट्टेपेक्षा दुसरेच काही दिसते. २०११ मध्ये जेव्हा परखडपणाची झळ उत्पादनाला, म्हणजे आधीच्या प्रमुखांच्या वारशाला, बसणार होती, तेव्हा या माणसाकडे आग, धूर आणि ३० मीटरची उडी एवढी शब्दसंपत्ती होती. २०१४ मध्ये जेव्हा स्वतःच आणलेल्या माणसांना घरी पाठवायचे होते, तेव्हा ती सगळी आटली.

त्या पत्रात श्रीपेरुंबुदूरचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. चेन्नईजवळचा तो कारखाना, एके काळी सुमारे ८,००० कामगारांचा, करविवादात अडकल्याने विक्रीतून वगळला गेला होता. तो नोकियाकडेच राहिला, पण फोन आता मायक्रोसॉफ्टचे होते. मायक्रोसॉफ्टने आपली मागणी थांबवली आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून तिथले उत्पादन बंद पडले. दोन्ही कंपन्यांना तो आपला वाटला नाही.

एलॉप यांचे नाव मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखपदासाठीही चर्चेत होते, पण फेब्रुवारी २०१४ मध्ये ते पद सत्या नडेला यांना मिळाले. जून २०१५ मध्ये नडेला यांनी एलॉप कंपनी सोडत असल्याचे जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात त्या खरेदीपोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत म्हणून लिहून टाकले, तेव्हा आणखी ७,८०० पदे गेली. २०१६ मध्ये एलॉप ऑस्ट्रेलियाच्या टेलस्ट्रा या दूरसंचार कंपनीत तंत्रज्ञान आणि धोरणाचे प्रमुख म्हणून गेले. २०१८ मध्ये तिथल्या फेररचनेत ते पदही संपले. नोकिया मात्र बुडाली नाही. दोघांच्या संयुक्त नेटवर्क कंपनीतला सीमेन्सचा अर्धा हिस्सा विकत घेऊन तिने तो धंदा पूर्णपणे आपल्याकडे घेतला आणि मे २०१४ पासून नोकियाची धुरा मणिपालला शिकलेल्या राजीव सुरी यांनी वाहिली. फोनच्या विक्रीतून आलेला पैसा त्या काळात तिच्या कामी आला, आणि म्हणून सीलास्मा यांना फिनलंडमध्ये पुढे कंपनी वाचवणारा अध्यक्ष म्हणून मान मिळाला. एलॉप यांना नेमणारे, त्यांच्या विंडोजच्या निर्णयाला संमती देणारे आणि त्यांचा करार मंजूर करणारे जे मंडळ होते, त्यात सप्टेंबर २०१० मध्ये सीलास्माही एक संचालक म्हणून बसलेले होते.